करारातलं लिंकिंग: सांगली जिल्ह्यातल्या शेतकरी संघटनांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील सर्व शेतकरी संघटनांचे नेते आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

युरियाच्या दोन पोत्यांबरोबर नको असलेली बाटली माथी मारली, की तुम्ही दुकानापुढे ठिय्या मारता, कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ती बाटली नेऊन आपटता. लिंकिंग म्हणजे काय हे मला तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तसंच एक लिंकिंग देशाच्या पातळीवर गेली तीस वर्षं चालू आहे: व्यापाराच्या कराराबरोबर पेटंटचे नियम माथी मारायचं. त्याबद्दल तुमच्यापैकी कुणाच्याही भाषणात अलीकडे अक्षर ऐकलं नाही, म्हणून हे पत्र. तासगाव तालुक्यात माझी थोडी द्राक्षबाग आहे आणि सांगलीच्या कोर्टात वकिली आहे. दोन्हींतून डोक्यात साचलेलं सांगतो.

व्यापार कराराची बातमी आली की तुमची निवेदनं निघतात. दुधावरचं आयात शुल्क कमी करू नका, सोयाबीन, मका, बेदाणा आत येऊ देऊ नका. मागणी बरोबर आहे, पण कराराच्या बाडात शुल्काच्या तक्त्याशिवाय बौद्धिक संपदेचं एक प्रकरण असतं. पेटंट, ट्रेडमार्क, वाणांचे हक्क, औषधांच्या चाचण्यांची माहिती, सगळं त्यात. ते कुणी उघडत नाही. आणि खरी मेख तिथंच आहे. ब्रिटनला स्कॉचवरच्या शुल्काची सूट दिली, तर ती ब्रिटनलाच मिळते. आयात डोईजड झाली तर ती काही काळ रोखायची वाटही करारात ठेवलेली असते. पेटंटचं तसं नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या कराराचं चौथं कलम सांगतं, की बौद्धिक संपदेत एका देशाच्या लोकांना जादा काही दिलंत, तर तेच इतर सगळ्या सदस्य देशांच्या लोकांना आपोआप, विनाअट द्यावं लागेल. मालाच्या व्यापारात दोन देशांच्या आपसातल्या कराराला जी सूट आहे, ती इथं नाही. म्हणजे पेटंट कायद्यात लंडनसाठी केलेली ढिलाई त्याच दिवशी अमेरिकेला, स्वित्झर्लंडला, जपानला लागू. मोबदला मात्र एकट्या लंडनकडून. असा सौदा मार्केट यार्डात कुठल्या अडत्यानं केला असता, तर तुम्ही त्याचा परवाना रद्द करायला लावला असता.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. पेटंटचा व्यापाराशी संबंध मुळातला नाही, तो जोडला गेला.

आंतरराष्ट्रीय करार जुनेच होते. पेटंट-ट्रेडमार्कचा पॅरिसचा १८८३ चा, कॉपीराइटचा बर्नचा १८८६ चा. पण त्यांना दात नव्हते. परक्या माणसाला आपल्या माणसासारखंच वागवा, ही मुख्य अट. औषधाला पेटंट द्यायचं का आणि किती वर्षांचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आज आपल्याला शिकवणाऱ्या देशांनी ते आपापली सोय बघूनच ठरवलं होतं. हॉलंडनं १८६९ मध्ये पेटंटचा कायदाच मोडीत काढला आणि थेट १९१२ मध्ये परत आणला. अमेरिकेनं १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइट दिला नाही. जपाननं १९७६ पर्यंत आणि बड्या औषध कंपन्यांचं माहेर असलेल्या स्वित्झर्लंडनं १९७७ पर्यंत खुद्द औषधावर पेटंट दिलं नव्हतं. आधी कारखाने उभे केले, मग कुंपण घातलं.

आपणही तेच केलं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. औषध आणि अन्न यांच्या वस्तूवर पेटंट नाही, बनवण्याच्या रीतीवरच, आणि तेही फार तर सात वर्षं. त्या कायद्याच्या व्याख्येत कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकंही औषधातच धरली होती, हे तुम्ही लक्षात ठेवा. या कायद्याच्या आडोशाला आपला औषध उद्योग वाढला. दुसऱ्या रीतीनं तोच रेणू बनवायचा, स्वस्तात विकायचा.

परदेशी कंपन्यांना हे खुपत होतंच. पण दाद कुठं मागणार? बौद्धिक संपदेची जागतिक संघटना होती, पण तिथं प्रत्येक देशाला एक मत, आणि गरीब देश जास्त. १९८० ते १९८४ या काळात पॅरिस करार सुधारायला परिषदा भरल्या, त्यांत उलट गरीब देशांनीच अटी सैल करा म्हणून धरलं आणि काहीच निष्पन्न झालं नाही. मग जागाच बदलायचं ठरलं. फायझर कंपनीचे प्रमुख एडमंड प्रॅट हे त्या काळात अमेरिकी सरकारला व्यापार वाटाघाटींत सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. फायझर, आयबीएम, मर्क, ड्यू पॉण्ट, मोन्सॅन्टो अशा कंपन्यांनी १९८६ च्या मार्चमध्ये इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी कमिटी काढली, युरोप आणि जपानच्या उद्योगांना बरोबर घेतलं आणि काय हवं याचा आराखडाच सरकारांच्या हातात दिला. आपल्याकडं कारखानदार एकत्र बसून ऊसदर ठरवतात असा आरोप तुम्ही करता. इथं बारा-तेरा कंपन्यांनी एकत्र बसून जगाच्या कायद्याचा कच्चा खर्डा केला आणि त्यात लपवाछपवीही नव्हती.

जागा निवडली गॅटची. गॅट म्हणजे आयात शुल्काचं व्यासपीठ. तिथं नकार दिला तर तुमच्या मालाची वाट अडवता येते. १९८६ च्या सप्टेंबरात उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते गावी वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली. तिच्या विषयपत्रिकेत 'बौद्धिक संपदेचे व्यापाराशी निगडित पैलू, नकली मालाच्या व्यापारासह' असं शेपूट जोडलेलं होतं. भारत, ब्राझील आणि आणखी काही देशांचं म्हणणं होतं, की नकली मालापुरतं बोलू, पेटंट कायदा आमचा आम्ही बघू. अडीच वर्षं हे चाललं. दरम्यान अमेरिकेनं १९८८ मध्ये आपल्या व्यापार कायद्यात 'स्पेशल ३०१' हे कलम घातलं. जो देश आमच्या पेटंटचं रक्षण करत नाही त्याचं नाव यादीत, आणि नावापुढे शिक्षेची टांगती तलवार. १९८९ च्या एप्रिलमध्ये भारतानं जिनिव्हात विरोध सोडला आणि पूर्ण विषयावर वाटाघाटी मान्य केल्या. त्याच वर्षी मे महिन्यात आपलं नाव त्या यादीत लागलं, हेही खरं. १९९२ मध्ये तर आपल्या औषधं-रसायनांच्या निर्यातीवरची शुल्कसवलत अमेरिकेनं काढूनच घेतली.

पुढचं तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल यांचा कराराचा मसुदा आला आणि आपल्या भागातल्या पारापारावर डंकेल हे नाव झालं. शरद जोशी म्हणाले, मसुदा घ्या, सरकारनं शेतकऱ्याच्या मानेवर ठेवलेलं जोखड त्यानंच निघेल. कृष्णेच्या पलीकडं कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना म्हणाली, बी हातातून जाईल. १९९२ च्या डिसेंबरात तिच्या कार्यकर्त्यांनी बंगळुरूत कारगिल या अमेरिकी कंपनीच्या कार्यालयातले कागद रस्त्यावर आणून जाळले. सांगली दोघांच्या मधोमध. आज मागं वळून बघताना मला वाटतं, जोशींचं शेतमालाच्या भावाचं गणित बरोबर होतं आणि नंजुंडस्वामींची भीतीही अगदीच हवेतली नव्हती. दोघं एकाच कराराच्या दोन वेगळ्या प्रकरणांबद्दल बोलत होते, एवढंच. आणि झालं काय, तर शेतीच्या प्रकरणात श्रीमंत देशांनी अनुदानाला एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात हलवून वेळ मारून नेली. कापडाचे कोटे उठवायला दहा वर्षं घेतली, १ जानेवारी २००५ पर्यंत, इचलकरंजीवाल्यांना विचारा. पेटंटचं प्रकरण मात्र अक्षरन् अक्षर वसूल झालं. दिलेला माल नगद, घ्यायचा माल उधार.

कारण करार तुकड्यानं घ्यायची सोयच ठेवली नव्हती. १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोत मराकेशला सह्या झाल्या त्या सगळ्या बाडावर एकत्र. कापड हवंय, शेती हवीय? मग पेटंटही घ्या. हेच ते लिंकिंग. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि तिच्या ट्रिप्स करारात पेटंट किमान वीस वर्षांचं, सगळ्या क्षेत्रांत, औषधांसकट, असं ठरलं. दातही आले. पेटंटचं वचन मोडलं तर जिंकलेला देश परवानगी घेऊन तुमच्या दुसऱ्याच एखाद्या मालावर शुल्क वाढवू शकतो. औषधाच्या भांडणात कोळंबी नाहीतर चादरी भरडल्या जाऊ शकतात.

आणि संसद? करारावर सही करायला आपल्या राज्यघटनेत संसदेची मंजुरी लागत नाही. चर्चा झाल्या, समित्या बसल्या, पण सही सरकारची. सहीनंतर पेटंट कायदा बदलायची पाळी आली तेव्हा ३१ डिसेंबर १९९४ ला, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, वटहुकूम निघाला. पाठोपाठचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकलं, १९९६ ला लोकसभेबरोबर मेलं. लोकप्रतिनिधींनी अडवलं, बरोबर? अमेरिका जिनिव्हाच्या तंटा मंडळाकडं गेली, १९९७ मध्ये भारत हरला आणि १९९९ मध्ये तीच दुरुस्ती मुकाट्यानं झाली. सही झाल्यावरचा विरोध काय किमतीचा असतो, ते या एका प्रकरणात दिसतं. तुम्ही विधेयक येईल तेव्हा बघू म्हणता, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

सगळंच गेलं नाही. ट्रिप्सच्या मजकुरात मोकळ्या जागा होत्या आणि आपल्या लोकांनी त्या डोकं लावून वापरल्या. जुन्या औषधाचं रूप बदलून नवं पेटंट मागायला २००५ च्या दुरुस्तीतलं कलम ३(ड) आडवं येतं. त्याच जोरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा कर्करोगाच्या औषधाचा दावा फेटाळला. २०१२ मध्ये नेक्साव्हार या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसताना दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी, दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. झाडांच्या वाणांना पेटंट द्या किंवा स्वतःची परिणामकारक पद्धत काढा, असं ट्रिप्समध्ये होतं. आपण दुसरा रस्ता धरला आणि २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, पेरायला, वाटायला, विकायलाही मोकळीक दिली. फक्त ब्रँडच्या पिशवीत भरून विकायचं नाही. गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोनं २०१९ मध्ये प्रत्येकी कोटीहून मोठे दावे लावले आणि बोभाटा झाल्यावर मागं घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं सगळ्यांनी बोट ठेवलं ते याच कलमावर.

नव्या व्यापार करारांत आता या मोकळ्या जागा बुजवायचं काम चालतं. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला झालेल्या करारात एक ओळ आहे, की औषधं लोकांपर्यंत पोचवायचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे राजीखुशीचे परवाने. दिसायला ओळ साधी, पण उद्या सक्तीचा परवाना द्यायची वेळ आली तर समोरचा वकील हीच ओळ वाचून दाखवणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही वाचली असती.

आता बागेत या. बोरगावच्या शेतकऱ्यानं थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत वेगळं झाड हेरलं आणि त्यातून तास-ए-गणेश निघाली. सोनाका, माणिक चमन, पुढची लांब मण्याची वाणं, यांतली बहुतेक अशीच शेतकऱ्यांच्या नजरेतून आलेली. पाहुण्याच्या बागेत माल चांगला दिसला, की ऑक्टोबर छाटणीच्या वेळी काडी मागून आणायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर, आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम भरायचं. पैसे कुणी मागितले नाहीत. फार तर कलम भरणाऱ्या गड्याची मजुरी आणि दुपारचं जेवण. या जिल्ह्यातली द्राक्षशेती त्या काडीवर वाढली. परदेशी नोंदणीकृत वाणांचा करार वेगळा असतो: रोप परवान्यानं, रॉयल्टी द्यायची, काडी कुणाला द्यायची नाही. ज्यानं वाण काढलं त्याला मोबदला मिळू नये असं माझं म्हणणं नाही. नवी वाणं आपल्याला हवीतच, थॉमसनवर किती दिवस काढणार? पण युरोपीय देश त्यांच्या व्यापार करारांत युपोव्ह १९९१ नावाच्या, वाणांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा आग्रह धरत आलेत. तीत आपल्या वाण कायद्याच्या ३९ व्या कलमाएवढी मोकळीक बसत नाही. देवाणघेवाण, विक्री तर नाहीच, आणि घरचं बी राखायची सवलतही देशानं द्यायची ठरवली तर, मर्यादेत.

त्याहून जवळचा मुद्दा फवारणीचा. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर डायमेथोमॉर्फ बघा. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगासाठीचा एकच रेणू, चार-पाच कंपन्यांच्या डब्यांत, प्रत्येकाचा भाव वेगळा. हा भावातला फरक कशानं आला? पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम ९(४) खाली पहिल्याच्याच अटींवर नोंदणी मिळते. सगळ्या चाचण्या नव्यानं कराव्या लागत नाहीत. ट्रिप्सच्या ३९ व्या कलमात औषधांच्या बरोबरीनं शेतीच्या रसायनांचंही नाव आहे: कंपनीनं सरकारला दिलेल्या चाचण्यांच्या माहितीचा गैरवाजवी व्यापारी वापर होऊ देऊ नका, इतकंच. श्रीमंत देश याचा अर्थ असा लावतात, की ठराविक वर्षं त्या माहितीच्या आधारावर दुसऱ्या कुणाला नोंदणीच देऊ नका. पेटंट असो-नसो, मक्तेदारी चालू. वाटाघाटींत ही मागणी आपल्यापुढे पुन्हा पुन्हा आली आहे आणि भारतानं ती आजवर रोखून धरली आहे, हे सरकारच्या बाजूनं मोकळेपणानं सांगतो. पण फुलोऱ्यात पाऊस लागला की आठवड्यात किती फवारे होतात आणि उधारी कुठवर जाते, हे तुम्हाला माहीत आहे. ही मागणी मान्य झाली, तर नव्या औषधाच्या त्या डब्याशेजारी दुसरा डबा यायला आणखी काही वर्षं जातील. दूध आयातीइतकीच ती तुमच्या भाषणात यायला नको का?

हळदीच्या पेटंटची गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली, कारण ती सगळे सांगतात. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावायचं अमेरिकी पेटंट मिळालं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं १९५३ चा जुना वैद्यकीय लेख आणि संस्कृत-हिंदी-उर्दूतले दाखले पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. अभिमान वाटावा असंच काम. पण ती लढाई अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात, त्यांच्याच कायद्यानं जिंकली. ट्रिप्समध्ये आजही अशी अट नाही, की पेटंट मागणाऱ्यानं ही वनस्पती, हे ज्ञान कुठून घेतलं ते सांगावं. भारत ती मागतोय, मिळत नाही.

आणि नावाचं बघा. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, शाली पडल्या. ट्रिप्समध्ये भौगोलिक नावांना दोन दर्जे आहेत, हे त्या सत्कारात कुणी सांगितलं नाही. वाइन आणि मद्यांना वरचा: 'शॅम्पेन पद्धतीची' एवढं छापायलाही बंदी, गिऱ्हाईक फसो वा न फसो. बाकी सगळ्याला खालचा: गिऱ्हाईक फसलं हे आधी सिद्ध करा. म्हणजे पलूसच्या वाइन पार्कात कुणी बाटलीवर शॅम्पेनचं नाव टाकलं तर गय नाही, पण परदेशात कुणी 'सांगली टाइप' हळद विकली, पाकिटावर मूळ देश बारीक अक्षरात टाकला, तर आपण पुरावे गोळा करत बसायचं. हा भेद पडला तो युरोपच्या वाइनवाल्यांनी टेबलावर जोर लावला म्हणून. हरिपूरच्या हळदीच्या पेवांसाठी जोर लावायला तिथं कुणी नव्हतं. दारूला एक न्याय आणि हळदीला दुसरा, यावर तुमच्यातल्या एखाद्या फर्ड्या वक्त्याची सभा जिंकायला हरकत नाही. भारतानं वरचा दर्जा सगळ्या मालाला द्या अशी मागणी जिनिव्हात केलेलीच आहे. तिला खालून रेटा नाही.

म्हणून मागणं तीन. एक, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत नाहीतर तुमच्या पुढच्या मेळाव्यात ठराव करा, की कोणत्याही व्यापार करारातलं बौद्धिक संपदेचं प्रकरण सहीच्या आधी संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे आणि मराठीत लोकांपुढे ठेवावं. दोन, जिल्ह्याच्या खासदारांना तोंडी नको, लेखी विचारा: रसायनांच्या चाचणी-माहितीची मक्तेदारी आणि युपोव्ह १९९१, या दोन्हींवर त्यांची भूमिका काय. उत्तर छापून गावात लावा. तीन, निवेदनात आयात शुल्काच्या खाली ट्रिप्सच्या चौथ्या कलमाचा उल्लेख करा, म्हणजे दिल्लीत वाचणाऱ्याला कळेल की सांगलीत कुणीतरी बाड पूर्ण उघडलंय. झेंडा कुठल्या रंगाचा आहे यानं मला फरक पडत नाही. डंकेलच्या वेळी दोन तोंडांनी बोललो, या वेळी निदान या तीन मुद्द्यांवर एका कागदावर सह्या होऊ शकतात.

ठरावाचा मसुदा मी तयार केला आहे. कोर्टाचं काम सुटल्यावर रोज संध्याकाळी मोकळा असतो. कुठल्याही संघटनेच्या कार्यालयात येऊन कलमं वाचून दाखवीन. फी नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तासगाव तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार वकील